खुलासा: एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हा आकडा कुठून आला?

‘एक ग्लुकोज, ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू)’ हे समीकरण अकरावी-बारावीच्या नोट्समध्ये अजून फिरतं आहे. बेरीज बरोबर आहे, गृहीतक जुनं.

ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन एनएडीएच आणि एफएडीएच२ हे वाहक रेणू पुढे नेतात. जुन्या प्रारूपात एनएडीएचच्या ऑक्सिडीकरणातून एक ऊर्जासंपन्न रासायनिक मध्यस्थ तयार होई आणि एडीपीला फॉस्फेट मिळून एटीपी बने. म्हणून उत्पादन पूर्णांकात धरलं गेलं: एनएडीएचमागे ३, एफएडीएच२ मागे २. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये वेगळंच सुचवलं: दुवा म्हणजे पटलाच्या (उदा. तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पडद्याच्या) दोन बाजूंमधला प्रोटॉनांचा फरक. मग कसोटी सोपी होते. इलेक्ट्रॉनांचं वहन बंद ठेवून नुसता फरक निर्माण केला तर एटीपी बनेल का? यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी १९६६ मध्ये हरितलवकांची पटलं आधी पीएच ४ च्या द्रावणात भिजवली आणि मग अंधारातच एडीपी व फॉस्फेटसह पीएच ८ ला नेली. एटीपी बनलं. तो मध्यस्थ मात्र कधीच सापडला नाही.

आता पूर्णांकाची सक्ती उरत नाही. एनएडीएचमागे सुमारे १० प्रोटॉन बाहेर जातात, एफएडीएच२ मागे ६. एका एटीपीला, फॉस्फेट आत आणण्याच्या खर्चासह, साधारण ४ लागतात. म्हणजे २.५ आणि १.५.

एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच, २ एफएडीएच२ आणि थेट बनलेले ४ एटीपी: १० × २.५ + २ × १.५ + ४ = ३२. (जुन्या गुणोत्तराने हेच ३८.) पेशीद्रवातले दोन एनएडीएच ग्लिसरॉल फॉस्फेटच्या वाटेने आत गेले, तर त्यांच्यामागे २.५ ऐवजी १.५ च मिळतात, म्हणून ३०. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच: ही वाट धरतात आणि गुणोत्तर मात्र जुनंच, म्हणून ३६ येतात. पटलातून प्रोटॉन थोडे गळतातच, त्यामुळे जिवंत पेशीत ३२ सुद्धा कमाल मर्यादाच समजा.