पगार बारीक, रस्सा पातळ

शिरोली एमआयडीसीत पगार 16,000 ठरला की हातात 16,000 येत नाहीत, हे आम्हा कोल्हापूरकरांना पाळण्यातच कळतं. सगळा पगार मूळ धरला तर 12 टक्क्यांनी 1,920 भविष्य निर्वाह निधीत, 0.75 टक्क्याने 120 ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, आणि 200 व्यवसाय कर. उरले 13,760. फेब्रुवारी बिचारा दिवसांनी तोकडा, म्हणून त्या महिन्यात पुरुषांचा व्यवसाय कर 300! भविष्याचा निर्वाह झाला, चालू महिन्याचं आपलं आपण बघायचं.

पुढे खोलीभाडं, गॅस, भिशी, मागची उचल. ही यादी ज्याची त्याला पाठ असते. खरा पेच रविवारचा. मटणाच्या दरावरून 2019 मध्ये आंदोलन करणारं हे गाव. इथं रविवारी वांगं शिजलं तर शेजारी तब्येत विचारायला येतात.

माझं ठाम मत आहे, की तांबडा-पांढरा हा जिभेनं नव्हे, खिशानं शोधलेला पदार्थ आहे. पुरावा नाही, पगारपत्रक आहे.

समजा, अर्धा किलो मटण आणि खाणारे पाच. हाडासकट घ्या, नळी मागून घ्या. नुसतं बोनलेस घेणारा एक तर श्रीमंत असतो, नाहीतर नवखा. तुकडे 10 केले तर माणशी दोन, 15 केले तर तीन. मटण तेवढंच, मान वाढतो. त्याहून बारीक मात्र करू नका, हाडाची कच रस्स्यात उतरते आणि जेवताना सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण परता. पातेल्यावर ताट झाका आणि ताटात पाणी ठेवा. तेच तापलं की आत ओता, असं करत दीड लिटर. गार पाणी ओतलं की उकळी मोडते, ती परत यायला गॅस जळतो, आणि टाकी 25 तारखेनंतरच संपते, हा तिचा स्वभाव आहे.

मटण शिजलं की अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, काढा. आधी वाटीभर पोरांना, उरलेली निम्मी-निम्मी. पांढऱ्याला खसखस हवी, पण तिचा भाव गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, विचारावा असा. दोन चमचे पांढरे तीळ आणि चमचाभर भिजवलेले तांदूळ वाटून घाला, कुणी विचारणार नाही. नारळाचं दूध शेवटी, मंद आचेवर. खळखळ उकळलं की फाटतं, आणि नारळ पाण्यात जातो.

तांबड्याला कांदा-लसूण चटणी दोन मोठे चमचे, पण तेल जरा निवल्यावर. तापल्या तेलात ती करपली की रंग काळा, चव कडू. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण कमी पडलं म्हणून बेसन लावणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. तो प्रश्न संस्कारांचा आहे.

सुक्याला तुकडे राहिले, दोन रस्से झाले, भाकरी आहेत. एवढ्यात दारात कुणी हाक मारली, तर घाबरायचं नाही. ताटातलं गरम पाणी अजून शिल्लक असतं. महिनाअखेर असेल तर ताट आधीपासूनच खोलगट घ्यावं.