बार्सिलोनातला मुलगा, नाशिकची भाची

फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचा नाशिकहून फोन आला. आवाज बसलेला होता. तिची मुलगी तिसरीत आहे. पालकसभेत बाई चारचौघांत म्हणाल्या, "कुणात मिसळत नाही, डाव हरली की हातातलं भिरकावते. ही कोरोनाची बॅचच अशी आली आहे." संध्याकाळपर्यंत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकालही लागला. काका म्हणाले, मोबाइल हातात दिलात, दुसरं काय होणार? आत्या म्हणाली, मुलं सगळं विसरतात, उगाच बाऊ करू नका. बहिणीने मात्र क्लास लावायचं ठरवून टाकलं होतं.

मी बार्सिलोनात राहते. माझा मुलगा भाचीपेक्षा महिन्याने लहान. एकाच आजारापायी, एकाच वयात दोघं घरात कोंडली गेली, पण दोन देशांनी कोंडायची तऱ्हा वेगळी होती. इतकी वर्षं मी दोघांकडे पाहते आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. घरात बसवल्याने मुलांचं जेवढं बिघडलं, त्याहून कितीतरी जास्त दुसऱ्या मुलांवाचून काढलेल्या दिवसांनी बिघडलं. आणि ते दिवस मुलांनी निवडले नव्हते, त्यांच्या आयांनीही नाही.

स्पेनने लहान मुलांना चांगलं वागवलं असं मी म्हणणार नाही. 14 मार्च 2020 ला इथे आणीबाणी जाहीर झाली आणि पुढचे सहा आठवडे मुलांना बाहेर पाऊल टाकायची बंदी होती. कुत्र्याला फिरवायला परवानगी होती, मुलाला फिरवायला नव्हती. ऑटिझम असलेल्या मुलांना नियमातून सूट होती, तरी त्यांच्या आईबापांवर बाल्कन्यांतून लोक ओरडायचे. शेवटी काही पालक ओळखू यावं म्हणून दंडाला निळी फीत बांधून निघायला लागले. तो काळ आठवला की आजही माझ्या पोटात तुटतं.

आमचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. वर्षापूर्वी सुटलेला लंगोट तिसऱ्या आठवड्यात परत आला. मी आंघोळीला गेले तरी तो दाराशी बसून राहायचा. दूध चुकीच्या पेल्यात ओतलं म्हणून अर्धा अर्धा तास आक्रोश. कापडी अस्वलाला तो साबणाने धुवायचा आणि "तू शिंकलास, आता खोलीत बस" म्हणून कपाटात कोंडायचा. रात्री आठला सगळं शहर बाल्कनीत येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायचं. तो सात वाजल्यापासून तयार असायचा. टाळ्यांसाठी असेल असं मला वाटे. मग लक्षात आलं, समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याच्याएवढी एक मुलगी होती, तो तिची वाट बघायचा.

21 एप्रिलला सरकारने सांगितलं की मुलांना मोठ्यांबरोबर बाहेर नेता येईल, पण फक्त वाणसामान, औषधं किंवा बँकेच्या कामाला. देशभर असा संताप उसळला की त्याच संध्याकाळी आरोग्यमंत्री साल्वादोर इया यांना निर्णय फिरवावा लागला. रविवारी, 26 एप्रिलला, चौदा वर्षांखालच्या मुलांना दिवसातून एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत फिरायची मोकळीक मिळाली. आम्ही बूट घालून निघालो आणि मुलगा दारातच अडला. चौकट घट्ट धरून म्हणाला, "आई, बाहेर व्हायरस आहे." त्या दिवशी आम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंतच गेलो.

त्याच सुमारास एका पाहणीत स्पेन आणि इटलीतल्या 1,143 पालकांना त्यांच्या मुलांविषयी विचारलं होतं. 85.7 टक्के पालकांना मुलांच्या भावनांत आणि वागण्यात फरक जाणवला होता. लक्ष न लागणं सर्वांत जास्त, मग कंटाळा, चिडचिड, अस्वस्थता, एकटेपणा. एकत्र राहणं ज्या घरांना जड गेलं, तिथल्या मुलांचं जास्त बिनसलेलं दिसलं. म्हणजे मूल आपल्या चेहऱ्यावरूनच जग किती भीतीदायक आहे ते वाचत होतं. आणि आपले चेहरे तेव्हा कसे होते ते आठवून बघा.

पण 14 सप्टेंबर 2020 ला बार्सिलोनातल्या शाळा उघडल्या, बालवर्गांसकट. प्रत्येक वर्गाचा वेगळा गट, खिडक्या सताड उघड्या, सहा वर्षांखालच्यांना मास्क नाही. माझ्या मुलाच्या बाईंनी पहिले तीन आठवडे काहीच शिकवलं नाही. मुलं वाळूत खेळली आणि भांडली. एका दुपारी बाई हसत सांगायला आल्या, आज याने एकाला चावा घेतला आणि नंतर दोघांनी मिळून बोगदा खणला. नाताळपर्यंत लंगोट गेला.

आता नाशिक. भाची नऊ महिने नर्सरीत गेली होती. मग लहान शिशू आणि मोठा शिशू ही दोन्ही वर्षं मोबाइलच्या पडद्यावर. महाराष्ट्रात हॉटेलं आणि बार 5 ऑक्टोबर 2020 ला उघडले, दसऱ्याला व्यायामशाळा, पाडव्याला मंदिरं. नोव्हेंबरअखेर नववी ते बारावीचे वर्ग, जानेवारी 2021 मध्ये पाचवी ते आठवीचे. पहिली ते चौथीला परवानगी मिळाली 1 डिसेंबर 2021 ला, जानेवारीत ती परत बंद झाली, आणि बालवर्गांचा विचार 24 जानेवारी 2022 पासून शाळा उघडायच्या निर्णयात झाला. जो जितका लहान, तितका त्याचा नंबर मागे. मंदिरांसाठी घंटानाद आंदोलन झालं. बालवाडीसाठी कुणी घंटा वाजवल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

बहीण म्हणते, "ताई, तुला तिथे बसून बोलायला काय जातं?" तिचा राग मला समजतो. 21 एप्रिल 2021 ला त्यांच्याच शहरात रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त माणसं गुदमरून गेली. त्या आठवड्यात शाळा उघडा असं कुणीही म्हटलं नसतं, मीसुद्धा नाही. एका वर्गात साठ मुलं, घरात आजी-आजोबा, तिसरी लाट मुलांवरच येणार ही सगळीकडे पसरलेली भीती. हे मी सगळं मान्य करते. पण लाटांच्या मधे कितीतरी महिने होते. पंधरा-वीस पटाची जिल्हा परिषदेची शाळा, जिच्यापुढे वडाचं झाड आणि मोकळं मैदान आहे, तिचा आणि शहरातल्या कोंदट वर्गाचा विचार वेगवेगळा करता आला असता. जुलै 2021 मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीला तशी वाट काढलीच होती. अंगणवाडी सेविकांनी घरोघरी शिधा पोचवला, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण गोल करून गाणी म्हणायला जी चार-पाच मुलं लागतात, ती पिशवीत भरून पोचवता येत नाहीत.

म्हणून काकांना मला सांगायचं आहे की मोबाइल तिच्या हातात आपणच दिला, कारण शाळाच त्यात भरत होती. दोन वर्षं "स्क्रीनकडे बघ" म्हणून ओरडलो, आणि आता बघते म्हणून ओरडतो. आणि आत्याला सांगायचं आहे की मूल जे घडलं ते विसरेल कदाचित, पण जे घडलंच नाही ते विसरणार कसं? राज्य आपल्यावर आलं की रडू दाबून ते घ्यायचं असतं, टाइमप्लीज म्हटल्यावर समोरचा थांबतो, कट्टी केली तरी उद्या बट्टी होते, हे चौथ्या-पाचव्या वर्षी मैदानात अंगात मुरतं. आईला कितीही माया असली तरी ती हे शिकवू शकत नाही, कारण आई मुद्दाम हरते. भाचीला हट्टी म्हणणं मला म्हणूनच सोसवत नाही. हरायची सवय व्हायला लागणारी दोन वर्षं तिला मिळालीच नाहीत.

मे महिन्यात आम्ही नाशिकला गेलो. मी बहिणीच्या हातापाया पडून क्लास सोडवला आणि रोज संध्याकाळी पाच ते सात दोघांना खाली पाठवायला लागले. पार्किंगमध्ये लगोरी चालायची. भाची दोन दिवस खांबाला टेकून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाने तिला ओढून घेतलं. ती बाद झाली, चेंडू लांब फेकून रडत वर आली, आणि बाल्कन्यांतून बघणाऱ्या बायकांमुळे बहीण शरमेने लाल झाली. समजूत काढायला ती उठत होती, मी तिला बसवलं. त्या संध्याकाळी आम्ही कुणीच त्या खेळाचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला बघितलं तर भाची चपला घालून दारात उभी होती, आणि माझा मुलगा अजून आंबा खात होता म्हणून त्याच्यावर ओरडत होती.