चाळीस मिनिटं, उभ्या उभ्या

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "रोज चाळीस मिनिटं चाला. भरभर. घाम आला पाहिजे."

त्यापेक्षा एखादी गोळी वाढवली असती तर बरं झालं असतं. गोळी एकट्याने गिळता येते.

"नुसतं रस्त्याने काय चालायचं?" ही म्हणाली. हिने मागच्या दिवाळीत दुर्बीण घेतली आहे. तेव्हापासून घरात कुणाला उचकी लागली तरी ही आधी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघते. हिचे दादा, म्हणजे माझे मेहुणे, बँकेतून निवृत्त झाल्यापासून अठराव्या शतकात राहतात. जेवायला तेवढे आमच्याकडे येतात. ते म्हणाले, "पुण्यात राहून नुसतं चालणं म्हणजे करंटेपणा आहे. दर पावलाला इतिहास आहे इथे."

तर ठरलं असं, की रविवारचा रस्ता इतिहास आणि पक्षी दोन्ही असलेला हवा. माझी साखर हा विषय त्या ठरावात कुठे आला नाही.

शनिवारी रात्री जेवणं झाली की सभा भरते. पाताळेश्वर सुचवलं की दादा खुलतात: आठवं शतक, राष्ट्रकूट काळ, अख्खी लेणी एका कातळात. ही विचारते, "आणि पक्षी?" बुलबुल. बुलबुल आमच्या गॅलरीतही येतात, म्हणून पाताळेश्वर बाद. हिने पाषाण तलाव म्हटलं की दादा म्हणतात, "पाण्याकडे बघत बसायला मी काय म्हैस आहे?" एकदा दादांनी कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत नानासाहेब पेशव्यांनी आणलेल्या नळाच्या मार्गाने चालायची कल्पना काढली. नळ जमिनीखाली आहे. म्हणजे वरून आम्ही आणि खालून इतिहास. वन्यजीवन म्हणाल तर सहा आसनी रिक्षा.

पहिल्या रविवारी ओंकारेश्वर निघालं. नदीकाठी चिमाजी आप्पांची समाधी, आणि नदीत पक्षी. मी बूट घट्ट बांधून भरभर पंचवीस पावलं टाकली असतील, तेवढ्यात दादा समाधीपाशी थांबले आणि १७३९ साली वसईला पोचले. वसईचा किल्ला एका दमात पडला नाही, त्यामुळे मलाही एका दमात पुढे जाता येईना. बुरुजाला सुरुंग लागतोय तोच ही कुजबुजली, "शू! शेकाट्या!"

शेकाट्या हा पक्षी काळा-पांढरा असतो आणि त्याला उदबत्तीच्या काड्यांसारखे लांब गुलाबी पाय असतात. नदीचं पाणी जितकं काळं, तितका हा खूश. मुठा नदीत त्याची चैन आहे. आम्ही नाकाला रुमाल लावून त्याचं सुख बघत उभे राहिलो.

"तर मग आप्पांनी..." दादा म्हणाले. शेकाटे उडाले.

खरी गोम तिथे मला कळली. इतिहासाला तोंड लागतं आणि पक्ष्यांना मौन लागतं. पाय दोघांनाही लागत नाहीत. दीड तासाने घरी आलो तेव्हा मोबाईलने नऊशे बारा पावलं दाखवली. त्यातली शंभरेक तरी पार्किंगमध्ये स्कूटर शोधतानाची.

मग वेताळ टेकडी. पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा, मोर आहेत, आणि पावसाच्या तोंडाशी नवरंग येतो. नवरंग दोन सुरांची शीळ घालतो आणि दिसत नाही. दिसला नाही की ही हलत नाही. आम्ही एका गिरिपुष्पाखाली इतका वेळ उभे होतो, की पळायला आलेला एक तरुण मला काका म्हणून जाताना भेटला आणि आजोबा म्हणून परतताना. दादा तर पार कोमेजले. "इथे कुणी लढलं नाही, कुणी मेलं नाही. बघायचं काय?"

मागच्या रविवारी शेवटी पर्वती. दोघांनाही एकदम मान्य झालं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. १०३ पायऱ्या, नानासाहेबांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर. पानिपतानंतर त्यांनी देह ठेवला तोही इथेच, १७६१ साली. आणि ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली. हे सगळं विसाव्या पायरीपर्यंत सांगून झालं. व्यायामाची मंडळी आम्हाला वळसा घालून चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. एक आजी माझ्याजवळून तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मला पाण्याची बाटली पुढे केली.

वर पोचलो. दादा कठड्याशी उभे राहून म्हणाले, "दुर्बीण दे गं जरा. खडकी दिसते का बघू."

"थांब दादा, घार आहे. पिल्लाला भरवतेय."

"अगं, घार रोजची आहे!"

"आणि खडकी काय आज उडून जाणार आहे?"

दुर्बिणीचा पट्टा हिच्या गळ्यात आणि दुर्बीण दादांच्या हातात, अशी परिस्थिती झाली. "अहो, तुम्ही सांगा ना याला काहीतरी!" ही म्हणाली. "तुम्हीच न्याय करा," दादाही म्हणाले.

लढाई पाहून झाल्यावर पुढे दुसऱ्या बाजीरावाने काय केलं, ते मला नेमकं तेव्हाच आठवलं. मी हळूच मागे सरलो आणि पायऱ्यांना लागलो. खाली पोचलो, मागे कुणी नव्हतं. पुन्हा वर गेलो. आवाज तसाच चालू होता, म्हणून पुन्हा खाली. असा चारदा. शर्ट पाठीला चिकटला. मोबाईल खिशात थरथरला, बघितलं तर माझं अभिनंदन करत होता.

पाचव्यांदा वर जाताना त्या आजी भेटल्या. मीच त्यांना ओलांडून पुढे गेलो.