स्लाइस ब्रेड शिळाच बरा

आमच्या वेंगुर्ल्याकडे स्लाइस ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप आला की चहा-ब्रेड, उतरला की पुन्हा पेज. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ताजा खायचा तर बेकरीतला गरम पावच खावा, उसळीत बुडवून. स्लाइसचं खरं काम तो शिळा झाल्यावर सुरू होतं.

गंमत म्हणजे या ब्रेडचा जन्मच शिळेपणाच्या धास्तीत झाला. ओटो रोवेडर हा मूळचा जवाहिऱ्या. ब्रेड कापायच्या यंत्रामागे लागला, १९१७च्या आगीत सगळं जळालं, तरी पुन्हा उभा राहिला. बेकरीवाले म्हणायचे, कापलेला ब्रेड लगेच वाळतो. मग गड्याने काप पाडून लगोलग गुंडाळणारं यंत्र केलं. ७ जुलै १९२८ला अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, चिलिकोथी गावी असा ब्रेड पहिल्यांदा विकायला आला. लोकांना त्याची इतकी चटक लागली की १९४३त युद्धामुळे घातलेली बंदी सरकारला दोन महिन्यांच्या आत उठवावी लागली.

वाळण्याची भीती म्हणे! आमच्याकडे जुलैत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे ब्रेड काय वाळणार? पुडक्यात घाम धरतो आणि बुरशी येते. कापल्यामुळे तिला बसायला जागाही जास्त. हिरवा ठिपका तेवढा काढून बाकीचा खाणारे आहेत. कृपा करून खाऊ नका, बुरशीचे तंतू आत न दिसता पसरलेले असतात.

फ्रिजमध्ये बुरशी लांबते, पण त्या थंडाव्यात ब्रेडमधला स्टार्च आवळतो आणि तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. मऊ हवा असेल तर फ्रीजरमध्ये टाका. मला शिळाच हवा असतो, कारण ताज्याचा उपमा केला की लगदा होतो. शिळ्याचे तुकडे मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत सुटे राहतात. तुपात खरपूस भाजून गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून बघा. शिरवाळ्यांची, म्हणजे नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवयांची, सर नाही, पण सोऱ्या दाबायचा त्रासही नाही.

कडा फेकणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. तव्यावर मंद आचेवर कडक करा, मिक्सरला फिरवा, कोलंबीच्या कटलेटला चुरा तयार. फक्त तो बांगड्याला लावू नका. बांगड्याला तांदळाचं पीठ नाहीतर रवाच.