प्लास्टर निघाल्यावर हातावर केस वाढले, म्हणून हात झोळीत बांधायचा?

"प्लास्टर काढल्यावर हातावर केस वाढले तर हार्मोन बिघडले समजा. हात झोळीत ठेवा, हलवू नका. गरम तिळतेलाने जोर लावून चोळा. हाड जुळूनही दुखतंय म्हणजे मनाचे खेळ. गोळ्यांनी केस गळतात, त्या लगेच बंद करा." आमच्या घरच्या ग्रुपवर आलेला हा मेसेज वाचून मनगट मोडलेल्या माझ्या मावशीने फिजिओथेरपीला जाणंच थांबवलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

हार्मोन रक्तातून अख्ख्या शरीरात फिरतात. मग ते बिघडल्यावर फक्त मोडलेल्याच हातावर केस कसे वाढतील? लिहिणाऱ्याने एवढाही विचार केलेला नाही.

प्लास्टरखाली केस वाढतात, हे मात्र खरं. अनेकांच्या बाबतीत तसं होतं आणि काही महिन्यांत ते आपोआप कमी होतात. हात बाकी ठीक असेल तर काळजीचं कारण नाही.

पण हात सुजलेला आहे, कधी लालगरम तर कधी निळसर थंड पडतो, घाम फुटतो, आग होते, साडीचा पदर लागला तरी सहन होत नाही, अशा वेळी हे दुखणं 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम', म्हणजे सीआरपीएस, असू शकतं. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर ते होतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. यात त्या भागातल्या नसांचं आणि बारीक रक्तवाहिन्यांचं काम बिघडतं, त्यामुळे त्वचा, नखं, केस सगळंच बदलतं. बऱ्याचदा सुरुवातीला केस दाट होतात आणि पुढे विरळ.

आता 'मनाचे खेळ'. या आजाराचं निदान जगभर ज्या निकषांवर होतं, ते 2003 साली बुडापेस्टमधल्या बैठकीत ठरले. लक्षणांचे चार गट आहेत आणि केसांतला बदल त्यांतल्या एका गटात येतो. रुग्णाने तीन गटांतली तक्रार सांगून भागत नाही, डॉक्टरांना किमान दोन गटांतली चिन्हं स्वतः तपासताना दिसावी लागतात. दोन्ही हातांच्या तापमानात एक अंश सेल्सिअसहून जास्त फरक हे त्यांतलंच एक चिन्ह. थर्मामीटरला कसलं आलंय मन?

सगळ्यात घातक आहे ते बांधणं आणि चोळणं. साधा स्पर्श जिथे आगीसारखा लागतो, तिथे जोर लावून चोळणं म्हणजे छळ आहे. त्या धास्तीने माणूस हात आणखीच जपतो, सांधे आखडतात, हाड विरळ होतं, आणि न वापरलेला हात आपला वाटेनासा होतो. सीआरपीएसच्या उपचारांचा पायाच मुळी हात वापरणं हा आहे. सोसेल तितकी हालचाल, कापूस मग टॉवेल असा हळूहळू स्पर्शाचा सराव, आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत करायचे व्यायाम. हे जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. मेसेज सांगतो ते नेमकं याच्या उलट, आणि त्यात गेलेले आठवडे सहज भरून निघत नाहीत.

गोळ्यांचं म्हणाल, तर नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिनने काहींचे केस गळाल्याची नोंद आहे. पण ती एकदम बंद केली तर झोप उडते, जीव घाबरतो, काहींना फिट येते. नको असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.