वॉर्डात नाही, घरी येऊन विचारा

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

शेजारच्या वहिनींचं बाळंतपण झालं म्हणून दुपारी एका सरकारी दवाखान्यात गेले होते. वॉर्डात दोन पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. प्रत्येक खाटेजवळ थांबून एकच विचारणा: "इथल्या सेवेबद्दल समाधानी आहात का?" अगदी बाजूला सिस्टर सलाईन लावत उभ्या. पलीकडच्या खाटेवरच्या आजीला विचारलं. तिची सून सकाळपासून बिनचादरीच्या गादीवर पडलेली. आजीने एकदा सिस्टरकडे बघितलं, पदर सावरला आणि म्हणाली, "बठ्ठं चांगलं शे, भाऊ." पोराने टॅबवर बोट टेकवलं. 'खूप समाधानी.' झालं, पुढची खाट.

आता हा आकडा वर जाणार. त्याचा तक्ता होणार, तो कुठल्यातरी अहवालात बसणार आणि मुंबई-दिल्लीत कोणीतरी म्हणणार, की ग्रामीण भागात रुग्ण समाधानी आहेत, सबब इथे आणखी काही करायची गरज नाही.

आजी खोटं बोलली का? अजिबात नाही. आपलं माणूस ज्यांच्या हवाली केलंय, त्यांच्या तोंडावर त्यांची तक्रार कोण करेल? तुम्ही कराल? मी तरी केली नाही.

माझ्या मामांची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मामा रात्री केळीला पाणी द्यायला गेले होते. रात्रीच का, तर आमच्याकडे शेतीची लाईट पाळीपाळीने येते आणि त्या आठवड्यात रात्रपाळी होती. अंधारात नळी सरकवताना घोणस चावली. दोघा गड्यांनी मोटरसायकलवर मध्ये बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे डॉक्टर जागेवर होते, लसही होती. हे कबूल करायलाच हवं, कारण मामा आज आहेत ते त्यामुळेच. 10 व्हायल सलाईनमधून दिल्या. पण पाय मांडीपर्यंत सुजत चालला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि डॉक्टर म्हणाले, "पुढे न्या."

त्या 'पुढे न्या'बरोबर हातात एक चिठ्ठी मिळाली. त्यावर एक ओळ. सर्पदंश, पुढील उपचारासाठी पाठवत आहोत. लस किती वाजता सुरू केली, किती दिली, लघवी झाली की नाही, यातलं एक अक्षर नाही.

पुढच्या दवाखान्यात पोहोचलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "किती व्हायल झाल्यात?" मी गप्प. गडी गप्प. मामींनी पदराची गाठ सोडली. आत रिकाम्या बाटल्या. छोट्या, काचेच्या, तळाला पांढरट पूड चिकटलेल्या. मामींना लिहिता-वाचता येत नाही. तिकडे सिस्टर बाटल्या टाकायला निघाल्या तेव्हा त्यांनी त्या मागून घेतल्या होत्या, पुढच्या डॉक्टरला दाखवता येतील म्हणून. डॉक्टरांनी टेबलावर एकेक मांडून मोजल्या. दहा. मग म्हणाले, "बरं झालं आणल्यात."

घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं. म्हणून काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवून बघतात, गोठलं की नाही. नाही गोठलं तर 6 तासांनी पुन्हा तपासणी, लागली तर पुन्हा लस. म्हणजे आधी किती दिली आणि कधी दिली, यावर पुढचा सगळा उपचार उभा आहे. आणि ती माहिती कुठे होती? माझ्या मामींच्या पदराच्या गाठीत! हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि त्या रात्री कोणी टॅब घेऊन मामींना विचारलं असतं ना, तर मामीही म्हणाल्या असत्या, चांगलं शे.

आपल्याकडे चांगलं संशोधन होतच नाही, असं मी म्हणत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन या साध्या गोळीने माणसं वाचतात हे जगाला दाखवलं. सापाचंच घ्या. भारतात सर्पदंशाने किती माणसं जातात, याचा दवाखान्यांच्या रजिस्टरवरचा आकडा वर्षानुवर्षं फार लहान होता. मग लोक घरोघरी गेले, ज्या घरात मृत्यू झाला तिथे बसून काय घडलं ते विचारलं, आणि ते कागद डॉक्टरांनी वाचले. 2020 साली आकडा आला: 2000 ते 2019 या काळात सुमारे 12 लाख मृत्यू, वर्षाला साधारण 58,000. यातली बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचलेलीच नव्हती, मग रजिस्टरात सापडणार कशी? ओट्यावर बसून विचारलं म्हणून सापडली.

2024 मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. चांगली गोष्ट आहे, मनापासून सांगते. पण निम्मे झाले की नाही हे मोजणार कसे? पुन्हा खाटेजवळ उभं राहून? शेतकरी मेला तर घरच्यांना 2 लाख मिळायची सोय आहे. जो मरता मरता वाचला, महिनाभर डायलिसिसवर होता, ज्याच्या बायकोने कानातलं मोडलं, त्याच्या घरी आजवर सरकारी, खासगी, संशोधक, कोणी म्हणजे कोणी आलेलं नाही.

डॉक्टर एकटे असतात, रात्री गर्दी असते, लिहायला वेळ नसतो. माहिती आहे मला. 108 च्या चालकाने त्या रात्री गाडी कशी आणली तेही मी विसरलेले नाही. त्या पोरांचंही काही चुकलं नाही, त्यांना हातात दिलेले प्रश्न त्यांनी विचारले. माझा राग प्रश्न ठरवणाऱ्यांवर आहे. समाधानी आहात का, हा काय प्रश्न झाला? चिठ्ठीवर काय लिहून दिलं ते विचारा. रक्त आणायला कोण पळालं, स्ट्रेचर कोणी ढकललं, पैसे कुठून आणले ते विचारा. आणि माणूस घरी गेल्यावर महिनाभराने विचारा, जेव्हा बाजूला सिस्टर नसेल आणि पोटात भीती नसेल.

माझ्या यादीत आशाताई आहेत, सिस्टर आहेत, दोन-तीन मेडिकलला शिकणारी पोरं आहेत. तुम्हाला हात जोडून सांगते, रोगी पुढे पाठवताना चिठ्ठीवर वेळ आणि व्हायलचा आकडा तेवढा टाका. दोन शब्द जास्त लागतील.

आणि कोणी या विषयावर अभ्यास करत असेल तर आमच्या गावाला या. पावसाळा संपला की या, तेव्हा लोकांना थोडी उसंत असते. भरीत-भाकरीची सोय आमच्याकडे. मामी बोलायला तयार आहेत, मी आत्ताच फोन करून विचारलंय.