कंपनी तुमची, पैसे कंपनीचे

परदेशात कामधंदा करणाऱ्या आणि इथे बसून तिकडे कंपनी काढणाऱ्या गोवेकरांच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतो आहे. मजकूर साधारण असा: ‘बाहेर छोटी कंपनी काढली तर बिझनेस अकाउंटच्या नादी लागू नका. कंपनी एकट्याची, म्हणजे पैसे तुमचेच. बिझनेस खात्याला फुकटचे चार्जेस. पर्सनल खात्यात पैसे आले तर कोणी विचारत नाही. वर्षअखेर अकाउंटंट वेगळे करून देतो. भारतात कोणाला पत्ता लागत नाही.’ खाली हात जोडलेले इमोजी. मी म्हापशाला लोकांचे हिशेब लिहितो, त्यामुळे हा सल्ला मानलेल्यांची स्टेटमेंट्स शेवटी माझ्याच टेबलावर येतात. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

‘एकट्याची कंपनी, म्हणजे पैसे तुमचेच.’ सगळ्या घोळाचे मूळ इथे आहे. ब्रिटनमध्ये हा वाद १८९७ सालीच मिटला. एरन सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याने आपल्या धंद्याची कंपनी केली. भागधारक तो आणि घरचीच माणसे. धंदा बुडाला तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल दिला की कंपनी ही सॉलोमनहून वेगळी व्यक्ती आहे, तिची देणी त्याच्या अंगावर येत नाहीत. लिमिटेड कंपनीचे हे कवच सगळ्यांना हवे असते. पण देणी तुमची नाहीत तर येणीही तुमची नाहीत, हे कोणाला ऐकायचे नसते. गिऱ्हाइकाचे पैसे संचालकाने स्वतःच्या खात्यात घेतले आणि तो पगार, लाभांश किंवा खर्चाची भरपाई नसेल, तर ते त्याने कंपनीकडून घेतलेले कर्ज ठरते. कंपनीचे हिशेबाचे वर्ष संपल्यापासून ९ महिने १ दिवसाच्या आत ते फेडले नाही, तर कंपनीला त्यावर तीस टक्क्यांहून जास्त कर भरावा लागतो. कर्ज फिटल्यावर तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. अमेरिकेत एलएलसी (तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल आणि मालक परदेशी असेल, तर मालक आणि कंपनी यांच्यातली देवघेव दरवर्षी फॉर्म ५४७२ मध्ये दाखवावी लागते. चुकलात तर दंड २५,००० डॉलर. वर पैसे सरमिसळ झालेले दिसले तर कोर्ट ते कवचच बाजूला सारू शकते.

एक गोष्ट सल्ला देणाऱ्याच्या बाजूने. ब्रिटनमध्ये कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याला, म्हणजे सोल ट्रेडरला, वेगळे खाते ठेवण्याची कायद्याने सक्ती नाही. बहुतेक बँकांच्या अटींत मात्र पर्सनल खाते धंद्याला वापरायची मनाई असते. सल्ल्यात ‘कंपनी’ हा शब्द नसता तर मी इतका चिडलो नसतो.

चार्जेसचा मुद्दा लवकर संपतो. ब्रिटनमध्ये स्टार्लिंग, मोन्झो या बँकांची महिन्याची फी नसलेली बिझनेस खाती आहेत. खरी अडचण वेगळीच आहे: संचालक गोव्यात राहत असेल तर अशी बँक सहसा दारात उभे करत नाही. मग लोक वाइजसारख्या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेकडे जातात. जावे, पण ब्रिटनमध्ये ती बँक नाही, तिथल्या ठेव संरक्षण योजनेत ते पैसे येत नाहीत, हे लक्षात ठेवून. खऱ्या बँकेत कंपनीचे खाते असेल तर कंपनीला स्वतःची वेगळी संरक्षण मर्यादा मिळते. डिसेंबर २०२५ पासून ती १,२०,००० पौंड आहे.

‘कोणी विचारत नाही.’ विचारतात, आणि आधी विचारतो तो गिऱ्हाईक. ब्रिटनमध्ये पैसे पाठवताना खात्याचे नाव जुळते का ते बँक तपासते. बिलावर कंपनीचे नाव आणि खाते ‘मिस्टर नाईक’ यांचे, की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर सूचना येते: नाव जुळत नाही. नवा गिऱ्हाईक तिथेच थांबतो. पोर्तुगालला गेलेल्यांसाठी तर हा निवडीचा प्रश्नच नाही. तिथल्या करकायद्याच्या कलम ६३-सी प्रमाणे कंपनीला केवळ धंद्याच्या देवघेवीसाठी किमान एक खाते ठेवावेच लागते. पोर्तुगीज पासपोर्ट काढायला रांग लावणाऱ्या आपल्या लोकांना हे कोणी सांगत नाही.

‘अकाउंटंट वेगळे करून देतो.’ मीच तो अकाउंटंट. समोर स्टेटमेंट असते: सुपरमार्केट २३ पौंड, घरभाडे ७५०, मग ४८० पौंड जमा, नोंद फक्त ‘थँक्स’. हे बिलाचे पैसे की मित्राने फेडलेली उसनवारी? विचारले तर उत्तर येते, ‘बघा तुम्हीच काहीतरी.’

आता खास गोव्याचा मुद्दा, जो त्या सल्ल्यात कुठेच नाही. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही रीत. आयकर कायद्यात त्यासाठी तरतूद आहे, १९६१ च्या कायद्यातले कलम ५ए: पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. फोंड्याला बसून ब्रिटनची कंपनी चालवणाऱ्याने आता हे लावून पाहावे. कंपनीची विक्री त्याच्या पर्सनल खात्यात जमा होत राहिली, तर ते त्याचे स्वतःचे धंद्याचे उत्पन्न दिसते, आणि त्याचा अर्धा वाटा बायकोच्या माथी येतो. तिने एक पौंड पाहिलेला नसतो आणि नोटीस तिच्या नावाने. खरे तर कंपनीचा नफा कंपनीचा, तो वाटायचा नसतोच. कंपनीकडून मिळालेला पगार एकट्याचा, लाभांश दोघांचा. हा फरक कंपनीच्या खात्यातून पर्सनल खात्यात स्वच्छ ट्रान्सफर झाली तरच दाखवता येतो. विक्री थेट घरच्या खात्यात पडली की पगार कुठला आणि लाभांश कुठला, सांगणार कोण?

‘भारतात पत्ता लागत नाही.’ २०१७ पासून भारत इतर देशांशी खात्यांची माहिती आपोआप देतो-घेतो, आणि ब्रिटन, पोर्तुगाल त्यात आहेत. पत्ता म्हापशाचा दिलात तर त्या पर्सनल खात्याची शिल्लक इथल्या आयकर खात्याकडे येते. बिझनेस खाते काढले म्हणून सुटका होते असेही नाही: सहीचा अधिकार असलेले परदेशी खातेही भारतात राहणाऱ्याला रिटर्नच्या शेड्यूल एफए मध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावे लागते. न दाखवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर या दंडातून सूट आहे. शिवाय भारतात राहून बाहेर कंपनीत पैसे घातलेत, तर आपल्या बँकेमार्फत परदेशी गुंतवणुकीचा एफसी फॉर्म भरायचा आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यायचा. शेड्यूल एफए चे आकडे आपल्या एप्रिल-मार्चचे नसतात, जानेवारी ते डिसेंबरचे असतात. तेव्हा तिकडच्या बँकेकडून स्टेटमेंट मागवताना त्याच तारखा टाका.